हिंगाचा वास

खांदेश्वरला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मारोती वाघमारेचं नाक कधीचंच गेलं होतं. तळोज्याच्या कारखान्यात रंगाची पिंपं भरता भरता एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला कशाचाच वास येत नाही. तो कुणाला बोलला नाही. बायकोला, वेणूबाईला कळलं असतं तर तिनं नोकरी सोडायला लावली असती, आणि परभणी सोडल्यावर मिळालेली ती एकच पक्की नोकरी होती. वासावाचून माणसाचं काही अडत नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

अडलं ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत.

त्याची मुलगी अक्षता एकोणीस वर्षांची. कॉलेज मोबाइलवर, मैत्रिणी मोबाइलवर आणि कोण गेलं तेही मोबाइलवरच. समोरच्या विंगेतले दिनानाथकाका स्वतःच्या पायांनी ॲम्ब्युलन्सपर्यंत चालत गेले ते परत आले नाहीत, तेव्हापासून ती जिना उतरली नव्हती. छातीत धडधडायचं, हात गार पडायचे, ताट तसंच राहायचं. वास जाणं हे त्या आजाराचं लक्षण, असं तिनं कुठंतरी वाचलं आणि रोज सकाळी आईवडिलांची परीक्षा सुरू केली. त्यांनी डोळे मिटायचे, ती नाकाशी हिंगाची डबी धरणार, आणि कसला वास येतो ते सांगायचं. दोघं पास झाले की तिच्या पोटात दोन घास जायचे.

कारखाना चालूच होता, कंपनीची बस रोज सकाळी खाली येऊन हॉर्न द्यायची. घरातून बाहेर पडणारा एकटा मारोती, म्हणून तिची सगळी भीती त्याच्या नाकावर येऊन बसली होती. तो डोळे मिटून म्हणायचा, "हिंग. कडक आहे." दिवसभराच्या कामांत हे खोटं बोलणं त्यातल्या त्यात हलकं काम.

त्या मंगळवारीही तो म्हणाला, "हिंग."

"कसला हिंग?" स्वयंपाकघरातून वेणूबाई म्हणाली. "संपला म्हणून काल डबी घासून ठेवली मी."

रात्रभर जागलेल्या अक्षतानं सवयीनं उचललेल्या डबीत आता कुठं पाहिलं. डबी लख्ख होती. ती भिंतीपर्यंत मागे सरली.

"पप्पा, तुम्हाला वास येत नाहीये."

"अगं माय, तो कंपनीतच गेला. लई वर्षं झाली."

"रोज तर येत होता."

"तू जेवावंस म्हणून म्हणायचो."

"मग आता बस चुकू नये म्हणून म्हणत असाल."

इतके दिवस खोटं ऐकवल्यावर आजचं खरं तिनं का मानावं?

पळी हातात घेऊन वेणूबाई बाहेर आली.

"आपण नवीन राहायला आलो तेव्हा दूध करपून भांडं काळं झालं होतं," ती सावकाश म्हणाली. "शेजारीण पळत आली वासानं. आणि हा माणूस ओट्याशेजारी पेपर वाचत बसलेला. महिनाभर बोलणी खाल्लीत तुम्ही माझी, तेव्हा का नाही सांगितलं?" मग पळी त्याच्यावर रोखून, "आणि माझ्या फोडणीला छान म्हणता ते?"

"छानच असणार की."

अक्षताला हसू आलं. आता तिचा विश्वास बसला होता.

"म्हणजे कंपनीत गॅस गळला तर तुम्हाला कळणारच नाही."

"बाकीचे पळाले की मीपण पळतो."

त्यानं ते थट्टेनं म्हटलं होतं. पण तिचा चेहरा बघून त्याला कळलं, की एक भीती उठून गेली आणि तिच्या जागेवर दुसरी येऊन बसली. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. खाली बसचा हॉर्न वाजला. त्यानं मास्क लावला, डबा घेतला आणि तो निघाला.

दुसऱ्या मजल्यावर त्याला मागे चपलांचा आवाज आला. तोंडावर दोन मास्क चढवून, कठड्याला हात न लावता अक्षता उतरत होती.

"कुठं निघालीस?"

"तुमच्या सुपरवायझरला फोन करायला सांगणार ड्रायव्हरला. तुमचं काम बदला म्हणून."

शेवटच्या वळणावर मात्र तिचे पाय थांबले. बाहेरचं ऊन, बसची दारं, उभी माणसं. ती पायरीवर बसली, श्वास मोठ्यानं येऊ लागला.

"पप्पा, मला पुढं नाही येता येत."

हॉर्न पुन्हा वाजला. मारोतीनं दारातून ड्रायव्हरला जा म्हणून खूण केली आणि तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"राहू दे, माय. मी उद्या सांगतो त्यांना, नाकाचं सगळं सांगतो," तो म्हणाला. "आता जरा बसू. मीपण दमलोय."