बहात्तर खेपा

लांबी तीस मीटर, रुंदी वीस, खोली चार. चोवीसशे घनमीटर माती. एका डंपरात दहा घनमीटर मावते, म्हणजे दोनशे चाळीस खेपा. शाळेतल्या पोरालाही जमेल असा हा हिशेब मी नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात केला आणि वर रंगीत चौकटींत सजवून साहेबांना पाठवला. अंधेरी पूर्वेला एक जुनी सोसायटी पाडून तिथे तळघरासकट टॉवर उभा राहणार होता. त्या खड्ड्यातून किती माती निघेल, हे सांगायचं काम माझ्याकडे होतं. इंजिनिअर होते ना मी. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बाबांचे पेढे वाटून झाले होते.

गेटवर एक काका बसायचे. पन्नाशीचे, मूळचे जालन्याकडचे, राहायला मानखुर्दला. बाहेर जाणाऱ्या डंपरची प्रत्येक खेप रजिस्टरमध्ये लिहायची, हे त्यांचं काम. डंपर थांबला की उठायचे, मागच्या चाकावर पाय देऊन वर डोकवायचे, माती काठोकाठ आहे का बघायचे आणि मगच लिहायचे. "अर्धा भरून पळतात मॅडम, लई बेरकी असतात," म्हणायचे. मी उन्हात उभी दिसले की स्वतःची खुर्ची पुढे करायचे. मी खुशाल बसायचे. नको म्हणायचं मला कधी सुचलंही नाही.

खोदकाम संपलं तेव्हा रजिस्टरमध्ये तीनशे बारा खेपा निघाल्या. बहात्तर जास्त.

साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. साहेब तापट खरे, पण मूर्ख नव्हते. पहिला प्रश्न त्यांनी मलाच विचारला. "फुगवटा धरलास ना?"

जमिनीत माती दाबून बसलेली असते. खोदली की सुटी होते, फुगते. मुरूम असेल तर चोवीसशेची एकतीसशे सहज होते. हे कॉलेजात शिकवतात. परीक्षेत मला त्यावर प्रश्नही आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता.

"हो सर," मी म्हटलं.

खोटं बोलायचं असं ठरवून नव्हतं म्हटलं. साहेबांनी काही विचारलं की हो म्हणायची सवयच लागली होती. पण शब्द तोंडातून गेला आणि लगेच तो कागद डोळ्यांसमोर आला. तीन आकड्यांचा गुणाकार, पुढे काही नाही. वाट लागली, एवढंच मनात आलं. माझी वाट. काकांचा विचार तेव्हा शिवलाही नाही मला.

साहेब काकांकडे वळले. डंपरवाल्यांशी संगनमत करून खोट्या खेपा लिहिल्यास, असं तोंडावर म्हणाले. "साहेब, एकपण खेप खोटी नाही," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. मी मूग गिळून टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. दहा मिनिटांत त्यांची अकरा वर्षांची नोकरी गेली. हेल्मेट आणि रजिस्टर जमा करून ते गेटबाहेर बराच वेळ उभे होते. मला खिडकीतून दिसत होते. जिना उतरायला एक मिनिट लागलं असतं. नाही उतरले.

नंतर स्वतःला काय काय थापा मारल्या. नवी नोकरी आहे, साहेब हाकलतील, बाबांना काय सांगू. काकांना काय, मिळेल दुसऱ्या साइटवर काम. ही शेवटची तर इतक्यांदा मारली की खरीच वाटायला लागली. पण चोर ठरलेल्या माणसाला गेटवर कोण बसवतं? तेवढं मला कळत होतं. पुढच्या प्रत्येक हिशेबात मी फुगवटा धरला, दोन-दोनदा तपासला. काटेकोर म्हणून माझं कौतुक झालं आणि ते मी निर्लज्जासारखं घेतलं.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या साइटवर माझ्या हाताखालची नवी मुलगी धावत आली. "मॅडम, चुकलं माझं. फुगवटा राहिला." एका दमात बोलली आणि मोकळी झाली. मला स्वतःची इतकी शरम वाटली की त्याच रविवारी एका जुन्या डंपर ड्रायव्हरकडून पत्ता घेऊन मी मानखुर्दला गेले. सहा वर्षं झाली होती.

काका घरीच होते, शर्टांना बटणं लावत बसले होते. आता हेच काम, म्हणाले. गेटवर कुणी घेतलं नाही. पण मला बघून मनापासून हसले, काकूला चहा टाकायला सांगितला. "ह्याच त्या मॅडम," तिला म्हणाले. "साहेब माझ्यावर घसरले तेव्हा ह्यांनी माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही."

उठून पळावंसं वाटलं. पण बोलले एकदाची. "काका, मी फुगवटा धरलाच नव्हता. चूक माझी होती."

"ते ठाऊक होतं मला. इतकी वर्षं माती मोजली, मला कळणार नाही होय?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"नव्या होता तुम्ही. साहेबांपुढं कशाला फजिती करायची? वाटलं, हिशेब परत बघाल, चूक ध्यानात आली की तुम्हीच सांगाल त्यांना. लई दिवस फोनची वाट बघितली. मग म्हटलं, नसेल आलं ध्यानात. होतं असं." सुईत दोरा ओवताना त्यांनी सहज विचारलं, "कधी आलं मग?"

खोटं बोलायची संधी ह्या माणसाने मला परत एकदा दिली होती, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

"तेव्हाच," मी म्हटलं. "साहेबांच्या केबिनमध्ये. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, त्याच्या आधीच."

काकांनी सुई शर्टात टोचून ठेवली. काकू चहा घेऊन आली होती. तिला ते म्हणाले, "ह्यांना नाक्यापर्यंत सोडून ये. तिथं रिक्षा मिळेल."