नावाचं कडवं

"तू मागं बस गं. खंजिरी छान वाजवतेस. गाणं मी म्हणते."

मॅडम हे बोलल्या तेव्हा माझा एक पाय स्टेजच्या पायरीवर होता. गाणं माझं होतं. मी रचलेलं, मीच चाल लावलेली. जालन्यातल्या त्या हॉलमध्ये स्त्रिया आणि नॉन-बायनरी कलावंतांची काव्यसंध्या होती. दारावर भलामोठा बॅनर, 'आपला आवाज, आपला मंच', खाली आयोजक म्हणून मॅडमचं नाव. आणि मला सांगितलं गेलं, तुझा आवाज हॉलला जरा जड होतो.

मी मागं बसले. का बसले? सवय. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात मी दिवसभर साड्या उलगडते आणि घड्या घालते. मागं हो म्हटलं की अंग आपोआप मागं होतं.

मॅडम कॉलेजात शिकवतात. गेल्या जयंतीला पाहुण्या म्हणून आमच्या वस्तीत आल्या होत्या. माझं गाणं मोबाइलमध्ये भरून घेतलं, माझे हात हातात धरले आणि म्हणाल्या, "हे हॉलमध्ये यायला हवं." तेव्हापासून मी हवेत होते. गाणं माझ्या आईवरचं आहे. ती स्टीलच्या कारखान्यात भंगार निवडायची.

माय गेली भट्टीवर, लोखंड निवडाया,
ठिणगी आली पदरात, मला उजेड द्याया.

आमच्यात रीत आहे. गाणं रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. गाणाऱ्यानं ते कडवं गाळलं तर खाली बसलेले लोक सोडत नाहीत. "नाव घे, नाव घे!" असा गलका होतो. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, दारावर पाटी नाही, त्यांचं नाव निदान गाण्यात राहतं.

आमच्या आधी किरणनी कविता वाचली. किरण वाटूर गावचे. स्वतःला बाई म्हणवत नाहीत, पुरुषही म्हणवत नाहीत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी भर स्टेजवर विचारलं, "तुम्हाला ताई म्हणू की दादा?" हॉल हसला.

किरण म्हणाले, "किरण म्हणा. नाव सांगितलंय की मी."

हसू थांबलं. मला किरणचा हेवा वाटला. एवढं एक वाक्य मला पायरीवर सुचलं नव्हतं.

मग मॅडम माइकपाशी गेल्या. म्हणाल्या, "हे गाणं आपल्या मातीतल्या एका अनाम बाईचं."

अनाम. आणि मी त्यांच्या पाठीमागं बसलेली. जिवंत. मांडीवर खंजिरी.

त्या गायल्या. खरं सांगते, सुंदर गायल्या. माझी चाल संथ केली, एकेक शब्द अलगद ठेवला. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. वस्तीत माझ्या गाण्याला टाळ्या पडतात, शिट्ट्या पडतात. रडलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. मी जळले. त्यांच्या गळ्यावर जळले, हातमागाच्या साडीवर जळले, माइक धरलेल्या त्या निवांत हातावर जळले. भट्टीवर माझी आई गेली आणि लोकांना रडू यांच्या आवाजानं आलं. जळू नको तर काय करू?

गाणं आटोपलं. मॅडमनी हात जोडले. शेवटचं कडवं म्हटलंच नाही.

टाळ्यांचा कडकडाट. मी खंजिरी थांबवली नाही. मॅडम वळल्या. चेहऱ्यावर हसू तसंच, आणि हातानं खूण, पुरे. मी वाजवत राहिले. टाळ्या विरल्या तसं मी बसल्या जागेवरून शेवटचं कडवं उचललं. माइक नाही. चाल आमची, जलद. आवाज चिरकला तरी थांबले नाही. आईचं नाव घेतलं. माझं नाव घेतलं.

किरणनी टाळ्या वाजवल्या. बाकी हॉल मॅडमकडं बघत होता, वाजवायच्या की नाही ते कळेना म्हणून.

मॅडम माइकवर म्हणाल्या, "किती भाबडी माणसं असतात ही!"

मग वाजल्या टाळ्या.

कार्यक्रमानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मी तुला स्टेज दिलं आणि तू माझा कार्यक्रम बिघडवलास."

"स्टेज तुमचंच राहू द्या मॅडम. गाणं माझं हाये. तुम्ही नाव न्हाई घेतलं, मंग मलाच घ्यावं लागलं."

"नावाचा एवढा सोस?"

"बॅनरवर तुमचं केवढं मोठं हाये."

त्या पाठ फिरवून निघून गेल्या. तेव्हापासून बोलतच नाहीत.

त्यांच्या गाण्याचा व्हिडिओ फिरतो आहे. माझं कडवं त्यातून कापलंय. दुकानात येणाऱ्या बाया मलाच तो दाखवतात. "काय गळा हाये बाई हिचा!" म्हणतात. मी साडीची घडी घालते आणि जळते. अजून जळते. कुणी म्हणेल, सोडून दे, मन मोठं कर. मन मोठं करायचं काम दरवेळी आमच्याकडंच का येतं? मी हे जळणं सोडणार नाही. त्यानंच मला बोलतं केलं.

गाणं मात्र मी बदललंय. माझं नाव आता शेवटी नाही. ध्रुपदात घातलंय. प्रत्येक कडव्यानंतर ते येणार. वस्तीतल्या जुन्या गायकांनी नाकं मुरडली, रीत मोडलीस म्हणाले. मोडली. आता ज्याला माझं नाव कापायचं असेल, त्यानं अख्खं गाणं कापावं.