उसवलेली जर्सी

मास्तरांचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. गिऱ्हाइकानं स्वतःचं माप सांगितलं तरी ते फीत लावून पुन्हा बघत. मग लेक रस्त्यापलीकडच्या मुलींबरोबर बास्केटबॉल खेळते, हे त्यांच्या गळी कसं उतरावं? दंगलीत त्यांचं शिंपीकामाचं दुकान जळालं, तेव्हापासून रस्त्याच्या त्या बाजूला त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. दुकानाचं कुलूप कोणी फोडलं नव्हतं, उघडलं होतं. आणि दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती: पलीकडे राहणारा, त्यांच्याकडे काज-बटणं करणारा काजवाला.

मुलींचा संघ बांधणाऱ्या कोचबाईंनी वर एक खूळ काढलं. अलीकडची एक, पलीकडची एक अशा जोड्या लावल्या आणि सरावानंतर एकमेकींची जर्सी घरी नेऊन धुवायची, असा नियम केला. लेकीची जोडीदारीण नेमकी काजवाल्याचीच मुलगी.

"यात कुठंतरी पाणी मुरतंय," मास्तर म्हणाले.

"मुरतंय ते तुमच्या डोक्यात," बायको म्हणाली.

शेवटच्या सरावानंतर त्या मुलीची जर्सी घरी आली, ती काखेत उसवलेली. मास्तरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. लेकीनं पुढं धरली तेव्हा म्हणाले, "नियम धुवायचा आहे, शिवायचा नाही."

लेक ती तशीच परत देऊन आली आणि आपली घेऊन आली. तिच्या जर्सीचा फाटका खांदा मात्र तिकडून शिवून आला होता! मास्तरांनी लगेच जर्सी उलटी केली, शिवण उजेडात धरली. मधूनमधून एक टाका लांब पडला होता. असा लंगडा टाका एकच मशीन घालायचं. त्यांच्या वडिलांचं, दुकानात जळालेलं.

म्हणजे जळालेलं नव्हतंच. चोरीला गेलं होतं.

सामन्याला ते गेले, ते काजवाल्याला चारचौघांत उघडं पाडायला. तो समोरच्या बाकावर दिसलाही. मास्तर उठणार, तोच लेकीनं बास्केटखाली उडी घेतली आणि तिची जर्सी काखेपासून कमरेपर्यंत टरकन उसवली. शिट्टी वाजली. मास्तर धावले.

"ही तिची जर्सी! तुझी कुठाय?"

"तिला दिली," लेक खालमानेनं म्हणाली. "आपल्या घरातून उसवलेलीच गेली ना बाबा. मला लाज वाटली."

तेवढ्यात काजवाला आला. कॉलरमधली सुई काढून खाली बसला. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"माझं मशीन तुझ्याकडे कसं?"

"दुकान पेटवणार हे कानावर आलं, म्हणून कुलूप उघडलं. एकट्याला एकच उचलता आलं, मास्तर. तसाच तुमच्या दाराशी आलो. तुम्ही आतून 'कोण' विचारलंत. मी सांगितलं, आणि तुम्ही दिवा मालवलात."

तो दिवा मास्तर विसरले नव्हते. मारायला आलाय, असंच त्यांना तेव्हा वाटलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, लवकर," लेक म्हणाली.

मास्तरांनी मनगट सोडलं. उसवलेल्या कडा जुळवून घट्ट धरल्या आणि काजवाला शिवू लागला. टाके कसे पडतायत, हे त्यांनी बघितलं नाही.