लाल बटणावरची वाटी

माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला, उजवा अंगठा जिथे टेकतो बरोबर तिथे, व्हिडिओ सुरू करायचं एक छोटं लाल बटण आहे. कॅमेरा घट्ट धरला की ते दाबलं जातं. सैल धरला तर फोटो हलतो. जुना कॅमेरा विकत घेताना हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण दुकानात लोक बघत होते म्हणून मी तो अर्धा मिनिट हातात धरला आणि लगेच ‘चालेल’ म्हणाले.

मग नको असलेले व्हिडिओ जमायला लागले. माझ्या चपला, बसस्टॉपची फरशी, पिशवीच्या आतला अंधार. एकात मी स्वतःशीच इंग्रजीत बोलत होते. तो मी पूर्ण न ऐकताच काढून टाकला.

कॅमेरा घेऊन बुधवार पेठेतल्या त्याच दुकानात गेले.

“सेटिंगमधून हे बटण बंद होतं का?” मी विचारलं.

“या मॉडेलला नाही. पुढच्या मॉडेलला होतं.”

“मग काय करायचं?”

“पुढचं मॉडेल घ्यायचं,” दुकानदार मान वर न करता म्हणाले. “नाहीतर अंगठा उचलून ठेवायचा. अंगठ्याची गॅरंटी आमच्याकडे नसते.”

घरी आल्यावर बटणावर चिकटपट्टी लावली. ती ताणून लावली की तिनेच बटण दाबलं जायचं. मग आईच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मखमली टिकली बटणावर लावली. अंगठ्याला मखमल लागली की तो आपोआप बाजूला होईल, असा माझा हिशेब होता. घरात दोन दिवस तो बरोबरही ठरला. मी खूश झाले आणि त्याच आठवड्यात एका हळदीचे फोटो काढायला होकार दिला.

हळद कॉलेजमधल्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीची होती. त्यांचं घर कसबा पेठेत, कित्येक पिढ्यांपासून. कार्यक्रम फक्त बायकांचा होता. घरातल्या मुली, मावश्या, शेजारणी डोक्यावर ओढणी न घेता बसणार, गाणार, नाचणार. म्हणून फोटो काढणारीही बाईच हवी होती. आणि एक अट होती, व्हिडिओ नको. घरात सगळे मैत्रिणीच्या फूफीचं, म्हणजे आत्याचं, ऐकायचे. ही अट त्यांची. “फोटो मी एकेक बघून निवडते आणि छापून घेते,” त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. “व्हिडिओत मागे कोण काय करतंय ते कळतही नाही. एकदा बाहेर गेला की गेला.”

मी ‘हो’ म्हणाले. बटणाबद्दल बोलले नाही. मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं. कमी बोललं की कमी चुका होतात, असं मला तेव्हा वाटायचं.

दुपारी पोचले तेव्हा दारातच मैत्रीण पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा घेऊन उभी होती. येणारी प्रत्येक जण त्यात आपला मोबाइल ठेवत होती. मीही ठेवला. आत गेला तो एकटा माझा कॅमेरा, आणि तोही मैत्रिणीने शब्द दिला म्हणून.

कॅमेरा डोळ्याला लावला की मला कोणी बोलायला लावत नाही. त्यामुळे पहिला अर्धा तास फार छान गेला. नवरीच्या गालाला हळद लागत होती, एक मावशी ताटावर ठेका धरून गात होती. उजेड पुरत नव्हता म्हणून मी कॅमेरा घट्ट धरला. पुढचा फोटो घ्यायला खाली पाहिलं, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका. सदतीस सेकंद झाले होते. टिकलीमुळे बटण उंच झालं होतं. आधी ते दाबावं तरी लागायचं, आता नुसता स्पर्श पुरत होता.

मी व्हिडिओ थांबवला. कोणीही पाहिलं नव्हतं. तो गुपचूप काढून टाकता आला असता. पण तो पुन्हा सुरू होणार हे मला माहीत होतं, आणि दुसऱ्या वेळी कोणी पाहिलं असतं तर मैत्रिणीला या घरात मान वर करता आली नसती. मी फूफींच्या शेजारी जाऊन बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, टिकलीसकट.

त्यांनी हात वर केला. गाणं थांबलं. दोघीतिघींनी ओढण्या डोक्यावर ओढल्या.

“दाखव,” फूफी म्हणाल्या.

आम्ही दोघींनी ते सदतीस सेकंद पाहिले. सतरंजी, ताटाची कड, कोणाचे तरी मेंदीचे पाय. मागे गाणं.

“पुसून टाक.”

मी त्यांच्यासमोर पुसला.

“फोटो काढणारी तू आणि बटण तुझं ऐकत नाही?”

“नाही ऐकत,” मी म्हणाले.

“आमच्याही घरात कोणी ऐकत नाही,” नवरी हळदीच्या तोंडाने म्हणाली. कोणीतरी हसलं. मैत्रीण हसली नाही.

फूफी ब्लाउज शिवतात. त्या उठून आतल्या खोलीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात कापडाने मढवायची बटणं होती, न मढवलेली. अशा बटणाचा वरचा भाग म्हणजे बोटाच्या नखाएवढी, पत्र्याची पोकळ वाटी असते. माझी टिकली त्यांनी नखाने खरवडून काढली. तीनचार वाट्या लावून पाहिल्या. एक अशी निघाली की तिची कड बटणाच्या बाजूने कॅमेऱ्यावर टेकत होती आणि बटण आत मोकळं राहत होतं.

“चिकटपट्टी आता लाव. वाटीवरून,” त्या म्हणाल्या. “नुसती लावशील तर दाबणारच ना.”

मैत्रिणीने औषधाच्या डब्यातली कागदी चिकटपट्टी आणली. फूफींनी ती आडवी-उभी लावली, कॅमेरा माझ्याकडून घेतला आणि स्वतःचा अंगठा वाटीवर दाबला. मग दोन्ही अंगठे. मग नवरीच्या आईला दाबायला सांगितलं. मी स्क्रीनकडे बघत होते. ठिपका आला नाही.

“चला, गा,” फूफी म्हणाल्या.

ताटावर पुन्हा ठेका पडला. ओढण्या एकेक करून खाली आल्या. मैत्रीण जाताजाता माझ्या कानाशी म्हणाली, “मला आधी सांगायचं ना, बावळट.” तिचा आवाज नेहमीचा होता. मी कॅमेरा अगदी घट्ट धरला, हवा तेवढा, आणि संध्याकाळपर्यंत फोटो काढत राहिले.

शेवटी मी फूफींना म्हणाले, “एकदा सगळं बघून घेता? एकही व्हिडिओ नाही.”

“फोटो निवडताना बघेन. व्हिडिओसाठी बघायची गरज नाही,” त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे ताट सरकवलं. सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. मी दोनदा भात मागून घेतला.