लेना आणि सोमवारची बॅच

रिसेप्शनच्या टेबलामागे बसणाऱ्या माणसाकडे लोक टेबलावरच्या घंटीइतकंच लक्ष देतात. काम असलं की वाजवायची, नसलं की तिच्यासमोर काहीही बोलायचं. त्यात मी मुळातच कमी बोलणारी. त्यामुळे आठ महिन्यांत माझ्याकडे एवढे किस्से साठलेत की बर दुबईला घरी परतताना मेट्रोत रोज दोन सांगितले तरी संपत नाहीत. ऐकणारा एकच, मंदार, माझा नवरा. देराहून शारजाकडे जाताना लागणाऱ्या एका टेनिस क्लबमध्ये आम्ही दोघंही कामाला आहोत. मी बाहेर कोर्टचं बुकिंग बघते, तो मागच्या खोलीत रॅकेटचं गटिंग करतो.

लग्न ठरलं तेव्हा नाशिकला आमच्या मोठ्या काकांनी विचारलं होतं, "जावईबापू नक्की करतात काय?"

बाबा म्हणाले, "टेनिसच्या रॅकेटला तारा बांधतात."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बरं. आणि उरलेला दिवस?"

माझ्या साठ्यातले निम्मे किस्से मात्र मंदारचे नाहीत, लेनाचे आहेत.

*

लेना रशियन. वय एकतीस, उंची दाराएवढी, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी रांग मोडून पुढे गेल्यासारखा भाव. कधीकाळी ती मोठमोठ्या स्पर्धांमध्ये खेळली होती. मग खांद्याचं ऑपरेशन झालं, दीड वर्ष घरी बसली आणि रँकिंग घसरत घसरत दिसेनासं झालं. तिला जानेवारीत ऑस्ट्रेलियाला मोठ्या स्पर्धेत खेळायला जायचं होतं. मुख्य स्पर्धा राहू दे, निदान तिची पात्रता फेरी. त्यासाठी आमच्या क्लबवर होणारी छोटी प्रोफेशनल स्पर्धा जिंकणं भाग होतं.

स्पर्धेच्या आठवड्यात ती लॉकर मागायला आली. मी फॉर्म पुढे केला आणि विचारलं, "किती महिन्यांसाठी?"

"रविवारपर्यंत," ती म्हणाली. "रविवारी फायनल. जिंकले तर ऑस्ट्रेलिया. हरले तर बास."

आमच्या फॉर्मवर 'एक महिना', 'तीन महिने', 'एक वर्ष' असे तीनच चौकोन आहेत. मी एकावरही खूण केली नाही. तशीच किल्ली दिली.

*

आमचा मॅनेजर हानी, इजिप्तचा. सोमवारपासून लहान मुलांची नवी बॅच सुरू होणार होती आणि कोच मिळत नव्हता. त्याने लेनाला विचारून ठेवलं होतं. तिने सांगितलं, उत्तर रविवारी संध्याकाळी.

एका सकाळी तो माझ्या टेबलावर कोपर टेकून हळूच म्हणाला, "सिस्टर, ती हरावी असं मला वाटतं. अल्लाह मला माफ करो. पण चौदा मुलं आहेत, चौदा आया आहेत, कोच नाही."

मी बुकिंगचं रजिस्टर उघडलं.

दहा मिनिटांनी तिची पहिली मॅच सुरू झाली. काचेतून बघते तर पहिल्याच पॉइंटला उभा राहून ओरडणारा एकच माणूस. हानी. "यल्ला, लेना, यल्ला!"

*

स्पर्धेचे ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचे तक्ते, मी प्रिंट करून बोर्डावर लावते. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे देशाचा छोटासा झेंडा असतो. पहिल्या दिवशी प्रिंट काढली तर सगळ्यांपुढे झेंडे, लेनापुढे कोरं. मला वाटलं, शाई संपत आली असेल. कार्ट्रिज हलवून पुन्हा काढली. कोरंच. नवीन कार्ट्रिज घातली, तिसरी प्रिंट काढली आणि दिव्याखाली धरून बघायला लागले.

पाठीमागून आवाज आला. "प्रिंटर बरा आहे."

लेना उभी होती. आजकाल युद्धामुळे रशियाच्या खेळाडूंच्या नावापुढे झेंडा लावत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातात तिन्ही कागद तसेच.

तिने त्यातला एक घेतला, आपल्या नावाखालचं पहिल्या फेरीतल्या मुलीचं नाव वाचलं आणि म्हणाली, "हिचा बॅकहँड वाईट आहे." आणि गेली.

*

मंदारचा स्वभाव शांत. माझ्या पोह्यांत मीठ नसलं तरी तो बोलत नाही. पण गटिंगला कुणी नाव ठेवलेलं त्याला चालत नाही. लेना साडेतेवीस किलोंवर तारा ओढून घेते. दुसऱ्या मॅचच्या सकाळी तिने तयार रॅकेट उचलली, दुसऱ्या रॅकेटवर हलकेच आपटली, कानाशी नेली आणि परत टेबलावर ठेवली.

"अर्धा किलो कमी."

मंदारने स्क्रीनकडे बोट दाखवलं. "मशीनवर साडेतेवीसच आहे, मॅडम."

"मशीन खोटं बोलतं."

मंदारचे कान लाल झाले. तिच्या मॅचला दीड तास होता. त्याने कपाटातून वजनाचा स्प्रिंगकाटा काढला, मशीनला अडकवला आणि ओढून बघितलं. मग पुन्हा बघितलं. काट्यावर तेवीस.

मी त्याचा डबा घेऊन दारात उभी होते. मंदारने मशीन सुधारलं, रॅकेटच्या तारा कापल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हात भराभर चालत होते, मान खाली. लेना भिंतीला टेकून डोळे मिटून उभी. पंधरा मिनिटं बाकी असताना त्याने रॅकेट दिली. तिने आपटली, कानाशी नेली.

"आता नवरा खरं बोलतो," ती मला म्हणाली.

मेट्रोत मंदार म्हणाला, "अर्धा किलो! अगं, कुणाला कळतं का?" त्याच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होतं. मला थोडी असूयाच वाटली.

*

तिसऱ्या दिवशी हानीने तिला बळेच अर्धा तास मुलांसमोर उभं केलं. म्हणाला, ट्रायल. एक आपल्याच पुण्याच्या बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी आठ वर्षांची, फरशीवरचे चौकोन मोजत होती. आईने लेनाला गाठलं. "मॅडम, हिच्यात टॅलेंट आहे का? म्हणजे फ्यूचर काय दिसतं? आम्ही सीरियस आहोत."

लेना मुलीसमोर खाली बसली. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. "तुला आवडतं?"

मुलगी म्हणाली, "समटाइम्स."

लेना उठली आणि आईला म्हणाली, "हिचं फ्यूचर चांगलं आहे. तुमचं माहीत नाही."

बाई तडक माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, तक्रार. म्हणाल्या, "सोमवारपासून नाव घाला. पण हीच कोच असेल तर."

*

शनिवारी सेमीफायनल होती. आणि शनिवारीच खंडेनवमी.

सासूबाई कोल्हापूरला. त्यांनी सकाळी व्हिडिओ कॉलवर सगळं करवून घेतलं. मीना बाजारातून आणलेला झेंडूचा हार मशीनला घातला, कात्र्या, पकडी मांडल्या, हळदीकुंकू वाहिलं. लेनाच्या तीन रॅकेट तिथेच होत्या. सासूबाई म्हणाल्या, "त्यांनाही लाव गं. त्याही हत्यारंच की." मी लावलं. एकदा पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं, हा त्यांच्या घरचा नियम.

बारा वाजता लेना आली. हातात सरावाची रॅकेट, तारा तुटलेल्या. मॅच चारला. तिन्ही रॅकेटना नव्या तारा हव्या होत्या. ते काम मंदारने दुपारवर ठेवलं होतं आणि सकाळी पूजा करून बसला होता. तो हार घातलेल्या मशीनकडे बघत उभा राहिला. मग त्याने कोल्हापूरला फोन लावला.

"आई, मशीन आज वापरायचं नाही ना?"

"नाही म्हणजे नाही."

"इथे एकजण आली आहे. चारला तिची मॅच आहे."

सासूबाईंनी स्क्रीनमध्ये वाकून लेनाला न्याहाळलं. लेनानेही त्यांना न्याहाळलं.

"ही खेळणार आहे?"

"हो."

"मग विचारतोस काय? खंडेनवमी आपली आहे, तिची नाही. हार काढ आणि कामाला लाग."

तीन रॅकेट पावणेचारला तयार झाल्या. खरी गडबड पुढे झाली. तारांवरचं, फ्रेमवरचं सगळं मंदारने पुसलं होतं. एका रॅकेटच्या मुठीवरही मी कुंकू लावलं होतं, ते त्याला माहीत नव्हतं आणि मला आठवलं नाही.

तिसरा सेट, पाच-पाच. लेनाच्या विरुद्ध ब्रेक पॉइंट, गेला तर समोरची सहा-पाच पुढे. तिने नुकतीच ती रॅकेट काढली होती. घामेजलेला तळवा पांढऱ्या स्कर्टला पुसला आणि अंपायर बाईंनी हात वर केला. खेळ थांबला. कोर्टवर रक्त दिसलं की थांबवावाच लागतो. स्कर्टवर लालभडक पाच बोटं उमटली होती.

फिजिओ धावत आला. त्याने तळवा उलटसुलट केला, जखम सापडेना. अंपायर खुर्चीवरून उतरल्या. लेनाने तळवा नाकाशी नेला, हुंगला, आणि सबंध स्टँडमधून नेमकं माझ्याकडे बघितलं.

मला खाली जावं लागलं. आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी लग्नातसुद्धा बोलले नव्हते. "ही पावडर आहे," मी म्हटलं. "पूजेची. आम्ही आज मशीनची पूजा करतो. आणि रॅकेटची." अंपायर बाईंनी चिमूटभर बोटांवर घेऊन बघितली. "ही कातडीतून अंगात जाते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, कपड्यांवरून मात्र जात नाही."

मूठ पुसली, नवीन टेप गुंडाळली. लेना परत रेषेवर गेली. तो ब्रेक पॉइंट तिने वाचवला. मी तो बघितला नाही, डोळे मिटून घेतले होते. लेना सात-पाच जिंकली.

संध्याकाळी ती टेबलाशी आली. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. तिने बोट वर केलं.

"उद्या लाल नको," ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "पिवळं चालेल."

*

रविवारी फायनल. समोर एकोणीस वर्षांची चेक मुलगी, दमणं म्हणजे काय हे न कळण्याच्या वयाची. हानीने मला टेबल सोडून बघायला जायची परवानगी दिली, कारण तो स्वतःच टेबल सोडून गेला होता.

पहिला सेट लेनाचा, दुसरा त्या मुलीचा. तिसऱ्यात चार-तीन पुढे असताना लेनाने सर्व्हिस केली आणि हात खाली आणताना तिचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मंदार पुटपुटला, "खांदा." पुढची सर्व्हिस नेटमध्ये. त्यापुढचीही. फिजिओला बोलवायचं का, अंपायरने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. तो गेम गेला, चार-चार झाले, मग त्या मुलीची सर्व्हिस मोडून लेना पाच-चार पुढे गेली. आता तिच्याच सर्व्हिसवर मॅच संपवायची होती आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता.

लग्नाला आठ महिने झाले, पण मंदारने चारचौघांत माझा हात धरायची ती पहिलीच वेळ. म्हणजे धरला नव्हता, आवळला होता.

तिने सर्व्हिस खालून केली. लहान मुलं करतात तशी, कंबरेखालून. स्टँडमध्ये कुणीतरी हसलं. चेक मुलगी पुढे धावली, चेंडू बाहेर गेला. पुन्हा खालून. या वेळी परत आला, लेनाने उलट्या कोपऱ्यात मारला. हसणं थांबलं. प्रत्येक सर्व्हिस खालून, आणि प्रत्येक पॉइंटला ती पाय ओढत, दात आवळत पळत होती. दोनदा मॅच पॉइंट गेला. तिसऱ्यांदा चेक मुलीचा चेंडू नेटच्या वरच्या पट्टीला लागला, थबकला आणि तिच्याच बाजूला पडला.

लेना बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली, गुडघ्यांवर हात ठेवून.

तासाभराने मी टेबलावर परत आले होते. हानी माझ्यासमोर खुर्चीत बसून फोनमध्ये कोचचे नंबर शोधत होता. "खलास, सिस्टर. ऑस्ट्रेलिया." त्याचे डोळे ओले होते. आनंदाने की चौदा आयांच्या भीतीने, ते मी विचारलं नाही.

लेना आली. खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली.

"सोमवारची बॅच किती वाजता?" तिने मला विचारलं.

"चारला," मी म्हटलं.

"चौदा मुलं?"

"पंधरा. एक नाव वाढलंय."

"मी साडेतीनला येते."

हानी खुर्चीतून उठला. "पण हबीबती, तू तर जिंकलीस. ऑस्ट्रेलिया?"

"हो," लेना म्हणाली. "हरले असते तर थांबता आलं नसतं, खेळत राहिले असते. जिंकून थांबता येतं."