नदीकाठचा बाक आणि एक अनुस्वार

शनिवार, १४ जून, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. कॅनडातल्या एका छोट्या गावात, नदीकाठच्या पायवाटेवर, माझ्या धाकट्या बहिणीनं मला आईच्या नावानं बसवलेला बाक दाखवला. पितळी पट्टीवर सुबक देवनागरीत कोरलं होतं: ‘प्रिय आईस, लेकीकडून.’

आम्ही लेकी दोन आहोत.

पण ज्यांना जायचंय त्यांना आधी रस्ता सांगते. मी ब्रिटनमधल्या हाउन्सलोची, म्हणजे विमानतळ शेजारीच. टोरोंटोपर्यंत आठ तास, पुढे गाडीनं दोन. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. नलू कित्येक वर्षं "ताई, ये ना" म्हणत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी निघाले.

गाव इतकं देखणं की पहिल्याच दिवशी मला राग आला. घरामागे मेपलची झाडं. रेल्वेचे जुने रूळ उखडून तिथे केलेली बारीक खडीची सपाट पायवाट. माझ्या नव्या गुडघ्यालाही तक्रार सुचेना. बाग फुकट, पार्किंग फुकट, संडास लखलखीत. मी आमच्या बागेत बसते तेव्हा डोक्यावरून विमानं जातात. नलू सुतारपक्षी ऐकते.

शनिवारी सकाळी गावाच्या इतिहासाची मोफत फेरी असते, ती चुकवू नका. लाल टोपीवाल्या मॉरीनबाईंनी जळालेली पिठाची गिरणी दाखवली. चार काळवंडलेल्या भिंती, आणि कौतुक असं की जणू वेरूळच! फेरीच्या शेवटी तो बाक आला.

"नलू, अनुस्वार कुठाय?"

"कुठला?"

"की-वरचा. लेकींकडून."

"अगं ताई, कोरणाऱ्याला काय कळतंय मराठी? धुळीचा कण समजून गाळला असेल."

"तू लिहून दिलेल्या कागदावर होता?"

"आपण दोघी कॉन्व्हेंटच्या. माझे अनुस्वार आईच घालायची."

हे खरं आहे. माझेही तीच घालायची. मी विश्वास ठेवायच्या बेतात होते, तेवढ्यात मॉरीनबाई इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही नलिनीच्या बहीण? आम्हाला वाटायचं, ती एकुलती एक."

नलू रुमालानं पितळी पट्टी पुसू लागली.

आई माझ्याकडे नऊ वर्षं होती. तिची इंजेक्शनं, तिची पथ्यं, तिचे रुसवे. नलूकडे ती एका उन्हाळ्यात तीन आठवडे राहिली. परत आल्यावर म्हणाली, "डासांनी फोडून काढलं गं." (मलम न्याच.) नदी फार छान आहे, असंही म्हणाली. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

उरलेले चार दिवस आम्ही हवामानावर बोललो. कोपऱ्यावरच्या बेकरीतले बटर टार्ट उत्तम असतात. मी तीन खाल्ले, एकही नलूला दिला नाही.

आता घरी येऊन दोन आठवडे झाले. पायवाट आठवते, गिरणी विसरले. हाउन्सलोत आईच्या नावाचं काहीच नाही. त्या नऊ वर्षांत आणि ती गेल्यावरही मला ते सुचलं नाही, तिला सुचलं. हे जास्त झोंबतं.

नलिनी, तू हा ब्लॉग वाचतेस, मला माहीत आहे. फोन नको, हात जोडलेले इमोजी नकोत. कोरणाऱ्याला पाठवलेल्या कागदाची प्रत पाठव, आणि सोबत स्वतःच्या हातानं, मराठीत लिहून कळव: त्या ओळीत मी होते की नव्हते? बाकीचे अनुस्वार चुकले तरी चालतील. उत्तर गुरुवार, ३१ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारात पडलं पाहिजे.