पोलिसांना केलेले पोहे

आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या एका गृहस्थांचं आठवणींचं पुस्तक नातीनं वाचनालयातून आणलं. माझे धाकटे दीर तेव्हा कळंब्याच्या तुरुंगात त्यांच्याच बराकीत होते, म्हणून आणलं. माझ्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. ती वाचायची, मी शेंगा फोडायची. पुस्तक बरं आहे. उपोषणं जरा जास्त आहेत, एवढंच.

एका पानावर आमचे दीर आले. पत्रकं वाटून ते चंदगडकडं सख्ख्या मामाच्या घरी लपले होते आणि मामानंच त्यांना पकडून दिलं, असं लिहिलंय. आमच्या घरातही हेच सांगत आलेत.

"बघ आजी, छापूनच आलं," नात म्हणाली.

"खोटं हाय ते. मी पकडून दिलं."

तिनं पुस्तक मिटलं. मी शेंगा फोडत राहिले.

लग्नाला चार महिने झाले होते. मी एकोणीस वर्षांची. सासरी आले होते, अक्कल अजून माहेराहून यायची होती. दीर मामाची काजूची बाग राखायला गेलेत, असं मला सांगितलेलं. नव्या सुनेला घरातलं खरं कोण सांगतंय? एका सकाळी सगळे शेतावर आणि लग्नाची नणंद धुणं घेऊन नदीवर गेलेली असताना दारात दोघे जण उभे. कडक इस्त्रीचे शर्ट, पॉलिशचे बूट, बोलणं साखरेसारखं. घरात कोण कोण असतं, धाकटे काय करतात, सध्या कुठं आहेत? आता एवढं खोदून कोण विचारतं? मुलगी बघायला आलेली माणसं!

मी पदर सावरला आणि कांदेपोहे केले, वर ओलं खोबरं. नणंद नव्हती तर तिनं भरलेले रुमाल आणून दाखवले. घराणं हलकं वाटू नये म्हणून सांगितलं, "दीर हायत की चंदगडला, मामांच्याकडं. मोठी बाग हाय त्यांची." गाव सांगितलं, ओढ्याच्या अंगाचं घर सांगितलं, कुठली एसटी धरायची तेही सांगितलं. एकानं पोहे परत मागून घेतले. मुलगी न बघताच दोघे उठले, तेव्हा पोहे खारट झाले असणार म्हणून मी दिवसभर हळहळत होते. एवढीच माझी राजकीय समज.

तिसऱ्या दिवशी दीर पकडल्याची बातमी आली. "माझा भाऊच फितला," सासूबाई म्हणाल्या. मी तोंड उघडलं नाही. माहेरी धाडतील, ही भीती.

दीर निवडणुका लागल्यावर सुटले. मग नणंदेचं लग्न निघालं. मामाला आवतण गेलं नाही. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा लागतो. तिथं शेजारच्या एका काकांना उभं केलं. मी अक्षता टाकत होते. भरल्या मुठीनं टाकत होते, कुणाला संशय नको म्हणून. मामा तसेच गेले. त्यांचे दिवस घातले, तेव्हाही आमच्यातलं कुणी गेलं नाही.

नातीनं तिथल्या तिथं दिरांना फोन लावला. मी सगळं सांगितलं.

"भावोजी?"

"आणि पोहे खाऊन गेले?"

"एकानं दोनदा घेतले."

"मला सांगून काय उपेग, वहिनी? मामी हाय अजून. परवा गाडी काढतो. बोलायचं तुमी. मी गप बसणार."

मामी अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. नव्वदीला टेकलेल्या. ऐकू कमी येतं, असं त्यांच्या सूनबाईंनी आधीच सांगितलं. मी शेजारी बसून बारीक आवाजात सांगितलं.

"आं?"

मी आवाज चढवला. दगडी गडग्यापलीकडं कपडे वाळत घालणारी बाई थांबली.

"ऐकू येत न्हाय गं. मोठ्यांदा बोल की."

पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं मी अंगणात उभी राहून ओरडले. "मामांनी न्हाय सांगितलं! मी सांगितलं पोलिसांस्नी! मी!" दोन-तीन घरांतून माणसं बाहेर आली. दीर मोबाईलमध्ये मान घालून बसलेले.

मामींनी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले.

"आनि एकदा सांग," त्या म्हणाल्या. "त्या वरच्या घरातली अजून भाईर आली न्हाईत."